मालकिणींचं दुकान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर पिळली. जाड सोलापुरी चादर, भिजली का एकट्याच्यानं उचलत नाही. भादव्याची झड त्या दिवशी उघडली होती, म्हणून तिनं सकाळीच घरातलं सारं अंथरूण पाण्यात घातलं आन् मले हाक मारली.

"अवो, बिडी ठेवा. दुसरं टोक धरा."

मी धरलं. साऱ्या दुनियेच्या बाया ज्या अंगानं पिळतात त्याच्या उलट अंगानं ती पिळे. मी पीळ घातला का तिच्याकडून तो सुटे. मंग हात बदलायचा कोणी? मी. लग्न झाल्यापासून मीच.

"अवं, एखाद दिवस तरी सरळ पीळ."

"पाणी निघालं ना? चादर विचारून राहिली का, कोण्या अंगानं पिळली म्हणून?"

चादर तारेवर टाकली. जेवलो. ती म्हणे, जराशी पडते, आन् पडली ते उठली नाही. डॉक्टर म्हणे, हार्ट. मी म्हटलं, असेल.

तिच्या मरणाचं मले एवढंच सांगायचं आहे. मरणाले एक दुपार पुरली. दुकानाले तिचं अर्धं आयुष्य लागलं, म्हणून दुकानाचं सांगतो. नाव सांगत नाही. जन्मात कधी तिचं नाव घेतलं नाही, आता घेतलं तर ओ कोण देणार?

मी रेल्वेत गँगमन होतो. शिक्षण चौथी. आमची मुळं अमरावतीकडची, पण हाडं रायपूरची झाली. शहरात जागा घ्यायची ऐपत नव्हती म्हणून बाहेर, ह्या खेड्यात, घर बांधलं. तेव्हा इथं धानाच्या बांध्या होत्या, एक तरिया होता, म्हणजे तलाव, आन् एक सोसायटीचं किराणा दुकान. सहकारी दुकान. ज्यानं हिस्सा घेतला तो मेंबर, आन् जो मेंबर तो मालक, असं कागदावर. खरं म्हणजे सेल्समनच्या मनात आलं तर कुलूप उघडे, नाही तर नाही.

एका सकाळी ही तेल घ्यायले गेली तर कुलूप. संध्याकाळी गेली तर कुलूप. तशीच खाली बाटली घेऊन सोसायटीच्या अध्यक्षाच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. अध्यक्ष म्हणजे गावचा गौंटिया. जुन्या मालगुजाराचा वंश, आन् बाप अध्यक्ष होता म्हणून हा अध्यक्ष. ही म्हणे, "उघडायचं होत नसेल तर चाबी द्या." त्यानं हसत हसत चाबी तिच्या पुढ्यात फेकली. "ले बाई, तहीं चला ले." घे, तूच चालव. त्याले वाटलं, महाराष्ट्राची बाई, आठ दिवसांत घरी पळन. ती चाबी मंग हिच्या कमरेची सुटली नाही. गौंटियाले आपण केवढी वस्तू फेकली ते समजायले लय वर्षं लागली.

दुकानात ती प्रत्येक मेंबर बाईले मालकीण म्हणे. मस्करीत नाही. चिखलाच्या पायानं कोणी हळदीची पुडी घ्यायले आली तरी ही स्टुलावरून उठे आन् म्हणे, "आवव मालकिन." या मालकीण. छत्तीसगढी ती चांगली बोले, पण आवाज मात्र अमरावतीचा, वरच्या पट्टीतला. बाया आधी लाजत. मांगं वळून पाहत, कोण आली म्हणून. मंग त्यायले सवय झाली, आन् सवय झाल्यावर त्या मालकिणीसारख्या वागायले लागल्या. कोणी तांदळात हात घालून खडा काढे आन् हिच्याच तळहातावर ठेवे. कोणी म्हणे, दाई, साबण आतमध्ये काहून ठेवला, बाहेर मांड. गावात साऱ्या बाया तिले दाई म्हणत, म्हणजे माय.

मी म्हटलं, "डोक्यावर चढवून ठेवल्या तू ह्या."

"मालकाले डोक्यावर नाही तर कुठं ठेवतात?"

गौंटियाची बायको मेंबर नव्हती. त्यायचा किराणा गोल बाजारातून जीपमध्ये यायचा. एका पोळ्याले गूळ कमी पडला म्हणून गौंटिन स्वतः दुकानात आली. तिले पाहून सारी लाईन बाजूले सरली. ही स्टुलावरून हललीसुद्धा नाही. म्हणे, "या गिऱ्हाईक. लाईनीत उभ्या राहा, मालकिणीचं होऊ द्या." पुढं उभी होती ती विटाभट्टीवर कामाले जाणारी बाई, अर्धा पाव गूळ घ्यायले आलेली. तिले तर घाम फुटला. गौंटिन तशीच वापस गेली. खुर्मी म्हणजे इथलं पोळ्याचं पक्वान्न, कणीक गुळात भिजवून तळतात. त्या पोळ्याले गौंटियाच्या घरी साखरेची खुर्मी झाली, आन् ती काही फुलली नाही, हे संध्याकाळपर्यंत तरियावर भांडे घासणाऱ्या साऱ्या बायाईले माहीत झालं.

आन् आपल्याच मालाची बदनामी करणारी दुकानदारीण मी दुसरी पायली नाही. तूरडाळ घ्यायले कोणी आली का ही म्हणे, "ह्या खेपेची नेऊ नको. शिजत नाही. वांगे रांध."

"दाई, तहीं लाने हस ना?" तूच आणली ना, असं ती विचारे.

"मीच आणली. फसली. तुले बी फसायचं आहे का?"

मी कपाळाले हात लावला. "अवं, असं बोलली तर खपन कसं?"

"माझं दुकान असतं तर खोटं बोलली असती. दुकान तिचं आहे. तिचीच डाळ, तिलेच फसवू?"

ती डाळ वापस करायले आम्ही गोल बाजारात गेलो. म्हणजे ती गेली, मी पोतं उचलायले. ठोक व्यापारी गादीवर लोडाले टेकून होता. म्हणे, "दीदी, बिका हुआ माल वापस नहीं होता." मले वाटलं आता हिचं तोंड सुटते. पण ही बिलकूल भांडली नाही. समोरच्या चहावाल्याकडून स्टोव्ह मागून आणला, गंज मागितला, व्यापाऱ्याच्या पायरीवर मांडला आन् पोत्यातली मूठभर डाळ शिजत घातली. मंग पदर खोचून बसली. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारे, दीदी, क्या बन रहा है?

"दाल. बननेवाली है."

तासभर झाला. डाळ जशीच्या तशी. व्यापारी गादीवरून उतरून आला, हळूच म्हणे, "दीदी, कब तक बैठोगी?"

"पकने तक."

तेवढ्यात एक मोठं गिऱ्हाईक डाळीचा भाव विचारायले आलं, गंजात वाकून पायलं, आन् शेजारच्या दुकानात चढलं. व्यापाऱ्यानं स्वतःच्या हातानं नवीन पोतं टेम्पोत टाकलं. टेम्पोत बसल्यावर ती मले म्हणे, "रॉकेल चहावाल्याचं जळलं, ते त्याले द्यायचं राहिलं." टेम्पो थांबवला, उतरली, देऊन आली.

पण तिच्या साऱ्या येडाईत मोठं येड लग्नाचं. गावातल्या कोणत्याही पोरीची बिदाई असली का ही दुकान अर्ध्यात सोडून निघे. कोणी नवरीले पितळेचा गुंड देते, कोणी लुगडं. ही देई दुकानाचा हिस्सा. आपल्या पगारातून पोरीच्या नावानं भरलेला. नवरी रडून राहिली, माय रडून राहिली, बँड वाजून राहिला, आन् ही नवरीच्या कानात वरडून सांगे, "मेंबर झाली तू. कोणी विचारलं तर सांग, माहेरी माझं दुकान आहे." वऱ्हाडी हसत. नवरदेव हसे. मीबी हसलो आहो.

"अवं, त्या पोट्ट्या आता सासरी चालल्या. हळद घ्यायले काय तिथून येतील?"

तिचे माय-बाप गेल्यावर तिच्या भावायनं तिले एकदाबी माहेरी नेलं नव्हतं. त्यावर ती कधी बोलली नाही, त्या दिवशी बोलली. म्हणे, "गुंड सासू घेते, लुगडं फाटते. माहेरात आपलं काही उभं पायजे. भाऊ घ्यायले नाही आला तरी म्हणता येते, मले जाणं आहे, माझ्या सोसायटीची मीटिंग आहे."

कमिटीनं दोन-तीनदा म्हटलं, गेलेल्या पोरींची नावं काढून टाका. तिनं एकबी काढू दिलं नाही. "लग्न झालं म्हणून मेली का?" म्हणे. कमिटीबी मंग म्हणाली, राहू द्या, कोण येते इथं.

आता इथली एक रीत सांगतो, नाही तर पुढचं समजणार नाही. आपली हरतालिका असते ती इथं तीजा. पण तीजाचा उपास बाई सासरी धरत नाही. पोळा झाला का बाप नाही तर भाऊ जाऊन तिले माहेरी घेऊन येते. नवी नवरी असो का नातवंडं झालेली, तीजाले बाई माहेरी. उपासाच्या आदल्या दिवशी कारल्याची भाजी आन् भात खातात, त्याले करू भात म्हणतात, करू म्हणजे कडू. त्या दिवसांत ह्या इलाक्यातल्या बसमध्ये गड्याले बसायले जागा भेटत नाही.

वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आन् त्याच्या मांगं नवीन राजधानी आमच्याच अंगाले बांधायले घेतली. जो रस्ता बैलगाडीचा होता तो चौपदरी झाला. सोसायटीचं दुकान कोपऱ्यात पडलेलं होतं, ते एकाएकी सडकेच्या तोंडावर आलं. गौंटियाच्या भाच्याले तिथं सिमेंट-सळईचं गोदाम टाकायचं होतं. इथं भाच्याले देवासारखं मानतात, मामा भाच्याच्या पाया पडते. भाच्यानं मागितलं आन् गौंटियाच्यानं नाही म्हणवलं नाही. माणूस म्हणून तो वाईट नव्हता. पण दुकान बंद करून जागा भाच्याले द्यायची, असा ठराव त्यानं काढला, आन् त्यासाठी आमसभा बोलावली. दिवस धरला करू भाताचा.

नोटीस दुकानाच्याच दारावर लावली. मी वाचली. त्या दिवशी गावातल्या साऱ्या सुना आपापल्या माहेरी. मेंबर बाया तर त्याच. राहतील ते गडी, आन् आमच्या गावातल्या गड्याईचे हात गौंटियाचा हात वर गेला का आपोआप वर जातात. मी धावत आत गेलो. ही बेसनाचं पोतं उसवत होती. सांगितलं तर हसायले लागली. बेसन उडालं, साऱ्या तोंडाले लागलं, तरी हसणं थांबेना.

"काहून हसून राहिली? दुकान चाललं तुझं!"

"अवो, गौंटियाच्या घरी साऱ्या सुनाच सुना. पोरगी एकबी नाही, बहीण बी नाही. तीजाले घर रिकामं होते एवढंच त्या बिचाऱ्यानं जन्मभर पायलं. घर भरते, हे त्याले कोण सांगणार?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सुना जातात त्याच दिवशी लेकी येतात. आन् लेकी साऱ्या मेंबर.

पोळा झाला. बस थांबे, आन् उतरत जात एकेक. कडेवर पोरगं, हातात पेटी. घरी जायच्या आधी दुकानात. ही आतून वरडे, "आली माझी मालकीण!" आन् हातावर गुळाचा खडा ठेवे. तरियापाराची, म्हणजे तलावाकडच्या मोहल्ल्याची, फुलेश्वरी आली, तिची बिदाई मले चांगली आठवते, बँडवाल्यानं हिले धक्का दिला होता. आता तिचे केस पिकायले लागले. हिनं एकीजवळबी सभेसाठी भीक मागितली नाही. नुसतं म्हणे, "करू भाताले सकाळी दुकानापुढं ये. हात वर करायचा आहे." त्या म्हणत, "हव दाई." हो माय. एवढंच.

आन् सभेच्या आदल्या दिवशी आम्ही चादर पिळली.

संध्याकाळी पोरानं आग दिली. पोरगा रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाच्या दुकानात आहे, मराठी समजते पण बोलते हिंदीच. गौंटिया मसणात आला होता. लाकडं त्यानंच पाठवली, खोटं काहून बोलू. माझ्याजवळ येऊन हात जोडले, डोळ्यात पाणी होतं त्याच्या. म्हणे, "बाबूजी, सभा तो टल नहीं सकती, रायपुर से निरीक्षक साहब आ रहे हैं. पर आप चिंता मत करो. गाँव में जो औरतें बची हैं, वो तो सवेरे आपके यहाँ बैठने आएँगी ही. हम लोग दस मिनट में निपटा देंगे."

तो समजूत घालून राहिला होता. पण खरंच होतं ते. इथं आगीले गडी जातात. बाया दुसऱ्या दिवशी सकाळी बसायले येतात. ज्याचं माणूस गेलं तो ओसरीवर सतरंजी टाकून बसते, त्याच्याभोवती बसून बाया रडतात, आन् दुपारच्या आत कोणी उठत नाही. लेकी साऱ्या माझ्या ओसरीवर रडत बसणार, आन् तिकडे दुकानापुढच्या चिंचेखाली गडी हात वर करणार. तिनं मरून स्वतःच्याच सभेची माणसं आपल्या घरी ओढून घेतली होती.

सकाळी उजाडलं. आंघोळ केली. ओसरीवर पोरानं सतरंजी टाकली होती, ती गुंडाळली आन् खांद्यावर घेतली. घराले कुलूप लावलं.

"बाबा, ये क्या कर रहे हो? लोग आएँगे."

"येऊ दे. कुलूप पायतील."

"सूतक में कोई बाहर निकलता है क्या?"

"तुझ्या मायच्या दुकानात चाललो. बाहेर कुठं चाललो?"

दुकानापुढं चिंच आहे, तिथंच सभा व्हायची. कमिटीच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. मी खुर्च्याईच्या बरोबर समोर, दुकानाच्या बंद दाराले पाठ लावून, सतरंजी टाकली आन् बसलो. गडी एकेक येत गेले, मले पाहून लांब लांब बसत गेले. गौंटिया सहकार खात्याच्या निरीक्षकाले घेऊन आला तो थबकलाच.

"बाबूजी, इहाँ? शोभा नहीं देता. घर जाओ."

"मी मेंबर नाही," मी म्हटलं. "सभेत बोलणार नाही. माझी बायको गेली, मी बसलो आहो. बसायले काय ठराव लागते?"

तेवढ्यात सडकेवरून पहिला घोळका आला. माझ्या घरी गेल्या होत्या, कुलूप पायलं, विचारत विचारत इकडे आल्या. डोक्यावरून पदर, खाली मान. जिथं माणूस बसला तिथं बसायचं. बसल्या. मांगून तरियापारा आला, मंग शाळेकडचा पारा. सतरंजी केव्हाच भरली, मंग मातीत बसल्या. गौंटिया नुसता पायत राहिला. गावात एवढ्या लेकी आहेत हे त्यानं पयल्यांदाच पायलं असन.

निरीक्षकानं घड्याळ पायलं. म्हणे, शुरू कीजिए.

गौंटियानं ठराव वाचला. दुकान बंद, जागा गोदामाले. "जो पक्ष में हैं, हाथ उठाएँ." गड्याईचे हात वर गेले. काही अर्धेच वर गेले, माझ्याकडे पाहून. निरीक्षकानं लिहून घेतलं.

"जो विरोध में हैं?"

कोणी हललं नाही. साऱ्या पदरात तोंड घालून बसलेल्या. कोणाचे खांदे हलून राहिले, कोणी नाक पुसून राहिली. मले वाटलं, गेलं. बोलणार नाही म्हणून जबान दिली होती, दात आवळून बसलो.

मंग फुलेश्वरीनं पदरातून तोंड काढलं. डोळे लाल. हात वर केला.

गौंटिया उठला. "साहब, ये सब तो मेहमान हैं. ब्याही हुई बेटियाँ हैं, तीजा में आई हैं."

"पहुना हन?" फुलेश्वरी बसल्या जागेवरून वरडली. "त चाहा-पानी पिया न, गौंटिया कका! बिहिनिया ले बइठे हन!"

पाहुण्या आहोत तर चहा पाज, सकाळपासून बसून आहोत. गड्याईतच कोणीतरी फसकन हसलं. निरीक्षक फुलेश्वरीले म्हणे, "मेंबर हो?"

"हव. मोर बिहाव के दिन ले." माझ्या लग्नाच्या दिवसापासून.

"नाम कभी कटा?"

"दाई काटन देतिस तब न." माय कापू देती तर ना.

निरीक्षकानं गौंटियाकडे पायलं. "मेंबर है तो हाथ गिना जाएगा."

आन् हात वर झाले. तीजासाठी साऱ्यायनं नव्या बांगड्या भरल्या होत्या, हिरव्या, लाल, कोपरापर्यंत. एका दमात साऱ्या चिंचेखाली तो आवाज झाला. म्हाताऱ्या लेकी, ज्यायले आता स्वतःच्या सुना आहेत, त्यायचे हात. कडेवर पोरगं असलेलीनं पोराचाबी हात वर केला, निरीक्षक म्हणे, इसका नहीं चलेगा. तो पेन्सिलीनं मोजायले लागला, अर्ध्यात थांबला, पेन्सिल खिशात ठेवली. म्हणे, "गौंटिया जी, गिनने की जरूरत नहीं है. दुकान चलेगी."

गौंटिया खुर्चीवर बसला. जरा वेळानं त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, आन् खरं सांगतो, तो मले सुटल्यासारखा वाटला. भाच्याले आता काय सांगायचं ते त्याले भेटलं होतं.

बायाईचे हात अजून वरच होते. खाली कधी करायचे ते कोणी सांगितलंच नव्हतं. सभा संपली होती, आता बोलायले हरकत नव्हती. मी दाराले धरून उठलो.

"झालं," मी म्हटलं. "खाली करा हात. आता रडा बायाहो, पोटभर रडा."

आन् सगळ्यात आधी माझाच आवाज निघाला.